अल्फोन्सो ते हापूस: एका नावाच्या नकाशाच्या नोंदी

१२ जानेवारी

गावच्या वाचनालयात मे महिन्यात आंब्यावर प्रदर्शन करायचं ठरलंय. कलमांच्या जाती, आढी, पेटीचा इतिहास, साका का होतो, हे सगळे विषय वाटून झाले, एक भिंत उरली. मी म्हटलं ती मला द्या, मी नाव करते. नाव म्हणजे? तर 'हापूस' हा शब्द. सगळ्यांना वाटलं एका ओळीचं काम आहे, गोवा जिंकणारा पोर्तुगीज अल्बुकर्क, त्याचं पहिलं नाव अफोन्सो, त्यावरून हापूस, संपलं. पण अफोन्सो हे नाव तरी त्याला कुठून मिळालं? ते पोर्तुगीज शब्दांतून बनलेलं नाव नाहीच, ते जर्मानिक नाव आहे, म्हणजे जर्मन-इंग्लिशच्या भाषाकुळातलं, गॉथ नावाच्या जुन्या टोळीचं. म्हणजे हा धागा गोव्याला सुरू होत नाही, गोव्याला तो जवळजवळ संपतो. आणि त्याआधीची हजारएक वर्षं आपण कधी विचारातच घेत नाही.

मांजरपाट आणलाय, सहा फूट बाय चार फूट. त्यावर काळ्या समुद्रापासून कोकणापर्यंतचा नकाशा काढायचा आणि लोकरीचा धागा टाचण्यांनी ओढत न्यायचा. भाची सुट्टीत येणार आहे मदतीला. या नोंदी रोजच्या कामाच्या, जसं होईल तसं लिहीत जाणार.

१५ जानेवारी

पेन्सिलने समुद्रकिनारे काढून झाले. आज गॉथांचा रस्ता. इसवी सन ३७६ मध्ये हूणांच्या रेट्यामुळे हे लोक डॅन्यूब नदी ओलांडून रोमन साम्राज्यात शिरले, ४१० मध्ये त्यांच्या राजाने, अलारिकने, रोम लुटलं, ४१८ मध्ये त्यांना आत्ताच्या फ्रान्सच्या दक्षिणेला तुलूझच्या आसपास जागा मिळाली, मग ५०७ मध्ये व्हूयेच्या लढाईत फ्रँक या दुसऱ्या जर्मानिक टोळीने मारलं म्हणून ते खाली स्पेनमध्ये सरकले आणि टोलेडो ही राजधानी झाली. हे व्हिसिगॉथ. लाल धागा इथपर्यंत सरळ आला.

यांची भाषा कशी होती हे कळतं ते बिशप वुल्फिलाने ४थ्या शतकात केलेल्या बायबलच्या भाषांतरामुळे. त्याची एक प्रत स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे, जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली. मी फोटो मोठा करून बराच वेळ बघत होते. भाषा मेली, पण शाई अजून चकाकते.

स्पेनमध्ये मात्र गॉथ लोक लॅटिन बोलायला लागले. ५८७ मध्ये त्यांचा राजा रेकारेद कॅथलिक झाला, ५८९ मध्ये टोलेडोच्या धर्मसभेत ते जाहीर झालं, रोमन प्रजा आणि गॉथ यांच्यातला पंथाचा फरक गेला, भाषा तर त्याआधीच आटत चालली होती. राहिली काय, तर नावं.

२३ जानेवारी

आज मुद्दाम याच तारखेला बसले, कारण आज संत इल्देफोन्सुसचा दिवस. ६५७ ते ६६७ टोलेडोचा बिशप होता हा. त्याचं नाव लॅटिन शेपटी काढून बघितलं तर हिल्डेफुन्स. हिल्ड म्हणजे लढाई, आणि फुन्स म्हणजे तयार, आतुर, निघायला सज्ज. लढाईला कंबर कसून उभा असलेला. आणि हे नाव आहे कुणाचं, तर मेरीच्या कौमार्यावर पुस्तक लिहिणाऱ्या एका शांत धर्मगुरूचं. म्हणजे ७व्या शतकातच नावाचा अर्थ कुणी ऐकत नव्हतं बहुतेक, आपल्याकडे रणजित नावाचा माणूस बँकेत कॅशियर असतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही तसंच.

आता अडचण अशी की अल्फोन्सो हे हिल्डेफुन्सवरूनच आलं असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. शेवटचा 'फुन्स' नक्की, पुढच्या तुकड्यासाठी अनेक दावेदार. हिल्ड म्हणजे लढाई. हथु म्हणजे पण लढाईच. अदल म्हणजे खानदानी, थोर घराण्यातला, जो तुकडा अॅडॉल्फमध्ये आहे आणि आपण क्रिकेटमुळे ज्याचं नाव रोज घेतो त्या अॅडलेडमध्येही आहे. आणि चौथा अल, म्हणजे सगळा, पूर्ण. कुठल्याही नावांच्या पुस्तकात बघाल तर 'थोर आणि सज्ज' एवढाच अर्थ दिलेला असतो, कारण तो छान वाटतो. मला तो अर्धवट वाटतो. दोनतीन वेगवेगळी नावं लॅटिन लिहिणाऱ्या कारकुनांच्या हातात येऊन एकात एक पिळली गेली, सुंभ वळतात तशी, आणि आता पीळ सोडवून दाखवणं अवघड आहे. नकाशावर सुरुवातीला मी एक धागा लावला होता तो काढला. तीन रंगांचे तीन धागे लावले, लाल, पिवळा, काळा, आणि टोलेडोच्या पुढे ते एकत्र वळले.

२ फेब्रुवारी

'फुन्स' वर अडकून पडले आहे चारपाच दिवस, आणि मला सोडवत नाहीये.

जुन्या हाय जर्मनमध्ये फुन्स. जुन्या इंग्लिशमध्ये फूस. जुन्या नॉर्समध्येही फूस, आणि आइसलँडमध्ये आजसुद्धा फूस म्हणजे राजीखुशीने तयार असलेला. एका जुन्या इंग्लिश काव्यात राजा मेलाय, त्याचं प्रेत ज्या जहाजात ठेवायचं ते बंदरात उभं आहे, बर्फाने मढलेलं, आणि त्या जहाजाला कवीने ऊतफूस म्हटलंय, बाहेर निघायला आतुर. अंगावर काटा आला वाचून. शब्द एवढाच पण त्यात सगळं जहाज आलं.

आता यातला 'न' कुठे गेला? इंग्लिश आणि तिच्या जवळच्या भाषांत 'स', 'फ', 'थ' च्या आधीचा अनुनासिक गळतो आणि आधीचा स्वर लांब होतो. पुण्यात जर्मन शिकलेल्यांना हे लगेच दिसेल: जर्मन गान्स, इंग्लिश गूस. जर्मन उन्स, इंग्लिश अस. जर्मन फ्युन्फ, इंग्लिश फाइव्ह. तसंच फुन्सचं फूस. वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्यात, कारण हे पुढे लागणार आहे असं आत्ताच वाटतंय. फूस. मोठ्याने म्हणून बघा.

११ फेब्रुवारी

अस्तुरियास. ७११ मध्ये मुसलमान सेनापती तारिक जिब्राल्टरहून आला, गॉथ राजा रॉड्रिगो हरला, राज्य संपलं. उत्तरेच्या डोंगरात अस्तुरियास हा जो छोटासा तुकडा उरला तिथे पेलायो नावाचा सरदार उभा राहिला. आपल्याला डोंगरातून उभं राहिलेलं राज्य म्हटलं की काय चित्र डोळ्यासमोर येतं ते सांगायला नको, पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, मी चार्टवर तसलं काही लिहिणार नाही.

पेलायोनंतर त्याचा मुलगा फाविला राजा झाला आणि दोनच वर्षांत, ७३९ मध्ये, त्याला अस्वलाने मारलं. मग गादी गेली जावयाकडे, म्हणजे पेलायोची मुलगी एर्मेसिंदा हिच्या नवऱ्याकडे. त्याचं नाव अल्फोन्सो. पहिला अल्फोन्सो, ७३९ ते ७५७. बापाचं नाव पेद्रो, सासऱ्याचं पेलायो, ही नावं ग्रीक-लॅटिनकडची, आणि मधेच हे गॉथिक नाव. त्या दिवशी ते अस्वल आडवं आलं नसतं तर अल्फोन्सो हे एका सरदाराचं नाव राहून गेलं असतं, राजघराण्याचं झालं नसतं. भाचीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "आत्या, अस्वल मी काढणार, तू हात लावू नकोस." ठीक आहे, ती जागा तिची.

१७ फेब्रुवारी

आज मोठी चूक सापडली आणि दोन आठवड्यांचं काम उसवलं.

मी चार्टवर रूपांची एक माळ लावली होती: वर अल्फोन्सो, त्यातला 'ल' पोर्तुगालमध्ये गळला म्हणून अफोन्सो, कास्तील या स्पेनच्या मध्यभागातल्या राज्यात 'फ' आधी 'ह' झाला आणि मग गळला म्हणून अलोन्सो. प्रत्येक मुलखाने जकात म्हणून एकेक अक्षर ठेवून घेतलं, अशी ती कल्पना, आणि मला ती फार आवडली होती.

आज अस्तुरियासमधल्या ओव्हिएदोच्या कॅथेड्रलमधल्या देवदूतांच्या क्रुसाचा फोटो बघत होते. दुसऱ्या अल्फोन्सोने दिलेला क्रूस, लाकडावर सोन्याचा पत्रा आणि रत्नं, मागच्या बाजूला अक्षरं बसवलेली. त्यात स्पष्ट वाचता येतं: ओफेर्त आदेफोन्सुस हुमिलिस सेर्वुस ख्रिस्ती. ख्रिस्ताचा नम्र सेवक आदेफोन्सुस हे अर्पण करतो. आदेफोन्सुस! 'ल' आहेच कुठे? 'द' आहे. राजाने स्वतःच्या नावाने सोन्यावर घडवून घेतलंय, त्याच्यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे. म्हणजे पोर्तुगीज अफोन्सोमधून 'ल' गळला असं म्हणायला काही आधार नाही, तिथे तो कधी नसेलही, 'आदेफोन्सो' मधला 'द' झिजला आणि 'अफोन्सो' राहिला हे जास्त सरळ आहे. 'ल' कास्तीलकडच्या रूपात दिसतो, आणि तो 'अदल'मुळे आला की 'द'चाच झाला यावर जाणकारांची मतं वेगवेगळी आहेत.

मग माळ उसवली. वर आता आदेफोन्सुस आहे, खाली दोन फाटे, एक अफोन्सो, एक अल्फोन्सो, आणि अल्फोन्सोच्या खाली अलोन्सो. जकातीची कल्पना अर्धीच उरली पण जे उरलं ते खरं आहे.

त्याच क्रुसावर तारीख आहे, एरा ८४६. हे इसवी सन नाही. स्पेनमध्ये तेव्हा वेगळा शक चालायचा, इसवी सनाच्या ३८ वर्षं पुढे. ८४६ वजा ३८, म्हणजे ८०८. आपण शके बघून ७८ मिळवतो तसंच गणित, फक्त इथे वजा करायचं. जुन्या ताम्रपटांचं वाचन ज्यांनी केलंय त्यांना या क्रुसासमोर घरच्यासारखं वाटेल.

१ मार्च

'द' चा आणखी एक साक्षीदार मिळाला, आणि तो शत्रुपक्षाचा, म्हणून जास्त मोलाचा. अरबी इतिहासकार या राजांना अद्फुन्श म्हणतात. कानाला जे ऐकू आलं ते त्यांनी लिहिलं, त्यात 'द'सारखा आवाज पण आहे आणि 'फुन्श'ही जवळजवळ शाबूत.

मग नाणं. १०८५ मध्ये सहाव्या अल्फोन्सोने टोलेडो परत घेतलं. तिथे अरबी बोलणारे लोक, अरबी व्यवहार, दक्षिणेच्या मुसलमान राज्यांचं सोन्याचं नाणं सगळ्यांच्या सवयीचं. म्हणून १२व्या शतकात आठव्या अल्फोन्सोने जेव्हा स्वतःचं सोन्याचं नाणं पाडलं तेव्हा ते अरबी लिपीत पाडलं, अरबी घाटाचं, त्यावर 'कॅथलिकांचा अमीर, अल्फोन्सो, सांचोचा मुलगा' असं अरबीत लिहिलेलं, वर छोटा क्रूस आणि खाली फक्त तीन लॅटिन अक्षरं: ए, एल, एफ. तेवढीच त्याची सही. एका नखाएवढ्या सोन्यावर गॉथिक नाव, अरबी मजकूर, लॅटिन अक्षरं. ही प्रतिकृती मी पुठ्ठ्यावर मोठी करून सोनेरी कागद लावून करणार, लोकांना हात लावून बघता यायला पाहिजे.

९ मार्च

आज खरं काय ते मला सापडलं असं वाटतंय, त्यामुळे सविस्तर लिहिते.

प्रश्न असा होता की भाषा मेल्यावर नाव कसं जगलं? गॉथिक बोलणारा एकही माणूस उरला नाही, अर्थ कुणाला माहीत नाही, तरी शंभर, दोनशे, पाचशे वर्षं मुलांना हेच नाव का? उत्तर पोर्तुगालच्या पहिल्या राजाच्या नावात आहे. अफोन्सो हेन्रिक्स. याचं 'हेन्रिक्स' आडनाव नाही, ते बापाच्या नावावरून आहे, हेन्रीचा मुलगा, बाप बरगंडीहून आलेला हेन्री, म्हणजे हे आपल्यासारखंच झालं, पुढे स्वतःचं मग वडिलांचं. आणि 'अफोन्सो' कुठून? आई तेरेसा ही टोलेडो घेणाऱ्या सहाव्या अल्फोन्सोची मुलगी. म्हणजे आईच्या वडिलांचं नाव. आजोबांचं नाव नातवाला!

आपल्याकडे आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव ठेवायचं, मग घरात त्या नावाने हाक मारायची नाही म्हणून दुसरं पाळण्यातलं नाव ठेवायचं, हे माझ्या आजोळी मी डोळ्यांनी बघितलंय. तिथे कुणी अर्थ बघत नाही. नारायण म्हणजे काय याच्याशी घेणंदेणं नसतं, नारायण म्हणजे आपले आजोबा. तिथेही तसंच झालं. अल्फोन्सो म्हणजे 'थोर आणि सज्ज' असं म्हणून कुणी नाव ठेवलं नाही, अल्फोन्सो म्हणजे टोलेडो घेणारा आजा. भाषेने नाव नाही टिकवलं, नात्याने टिकवलं. चार्टच्या मध्यभागी आता हे एकच मोठ्या अक्षरांत जाणार.

अफोन्सो हेन्रिक्सने ११३९ च्या सुमारास राजा म्हणवून घ्यायला सुरुवात केली, ११४३ मध्ये झामोराच्या तहाने शेजारच्या राजाने मान्य केलं, ११७९ मध्ये पोपने. आणि हेन्री हे पण जर्मानिक नाव, फक्त ते फ्रँकांकडून आलेलं. म्हणजे बापलेकांची दोन्ही नावं मुळात उत्तरेची, वेगवेगळ्या वाटांनी येऊन अटलांटिकच्या काठावर एकत्र बसलेली. हिरवा धागा हेन्रीसाठी काढला, आणि मग लक्षात आलं की हिरवा बराच लागणार.

१४ मार्च

आज फक्त जोडणी. मुली लग्न होऊन जाताना नाव बरोबर नेतात हे दाखवायला दोन टाचण्या. सहाव्या अल्फोन्सोची मुलगी एल्व्हिरा तुलूझच्या काउंटला दिली, तिचा मुलगा अल्फोन्सो ११०३ मध्ये तिकडे सीरियाच्या बाजूला धर्मयुद्धाच्या छावणीत जन्मला आणि जॉर्डन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला म्हणून त्याला अल्फोन्सो जॉर्डनच म्हणतात. आणि आठव्या अल्फोन्सोची मुलगी ब्लांश फ्रान्सची राणी झाली, तिचा एक मुलगा नववा लुई आणि १२२० मध्ये जन्मलेला दुसरा अल्फोन्स. पुन्हा आईच्या वडिलांचं नाव. टाचण्या कमी पडल्या.

२८ मार्च

दहावा अल्फोन्सो, ज्याला शहाणा म्हणतात, १२५२ ते १२८४. याच्यासाठी मी वेगळा कोपरा ठेवलाय कारण माणूस तसा होता. टोलेडोत ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती पंडित एकत्र बसवून अरबी ग्रंथ लॅटिनमध्येच नाही तर लोकांच्या बोलीत, कास्तीलच्या भाषेत उतरवून घेतले. येहुदा बेन मोशे आणि इसहाक इब्न सिद या दोन ज्यू खगोलशास्त्र्यांकडून ग्रहांची कोष्टकं करून घेतली, ती राजाच्या नावाने अल्फोन्सी कोष्टकं म्हणून सुमारे तीनशे वर्षं युरोपभर चालली, कोपर्निकसने तीच वापरली. चंद्रावरच्या एका विवरालाही याचंच नाव आहे, १९६५ मध्ये रेंजर ९ हे अमेरिकन यान त्याच विवरात पाडलं.

आणि १२८३ मध्ये त्याने खेळांचा एक सचित्र ग्रंथ करवून घेतला, बुद्धिबळ, फासे आणि सोंगट्यांचे खेळ. सुरुवातीची गोष्ट हिंदुस्थानातल्या राजाची आहे. त्याच्या दरबारात तीन शहाणे: एक म्हणतो अक्कल मोठी, एक म्हणतो नशीब मोठं, तिसरा म्हणतो दोन्ही मिळून चालावं. राजा म्हणतो आपापलं म्हणणं सिद्ध करून दाखवा. पहिला बुद्धिबळ घेऊन येतो, दुसरा फासे, तिसरा पट आणि सोंगट्या. अल्फोन्सो नावाचा माणूस आपल्या देशाची गोष्ट सांगत बसलाय, आणि त्याच्या नावाचा आंबा आपल्याकडे पिकायला अजून कित्येक पिढ्या जायच्या आहेत. भाचीला सांगितलं तर म्हणाली "आत्या, दोन्ही मिळून चालावं म्हणणारा बरोबर." घरी सारीपाट आहे, तो चार्टखाली टेबलावर मांडणार.

मोजणीची नोंद: अकरावा अल्फोन्सो १३५० मध्ये जिब्राल्टरच्या वेढ्यात प्लेगने गेला. बारावा थेट १८७४ च्या शेवटी. मधली ५२४ वर्षं कास्तीलच्या आणि पुढे स्पेनच्या गादीवर त्या नावाचं कुणी नाही आणि तरी आकडा पुढे तसाच मोजला. तेराव्याने १९३१ मध्ये देश सोडला.

६ एप्रिल

आजची नोंद जड आहे. कांगो.

१४९१ मध्ये कांगोच्या राजाने बाप्तिस्मा घेतला आणि पोर्तुगीज राजाचं नाव घेतलं, जोआंव. राणीने तिकडच्या राणीचं घेतलं, लिओनोर. मुलगा न्झिंगा म्बेम्बा, त्याने तिकडच्या युवराजाचं, अफोन्सो. पुढे तो राजा झाला आणि १५०९ च्या आसपासपासून तीसपेक्षा जास्त वर्षं राज्य केलं. त्याची पत्रं शिल्लक आहेत, पोर्तुगीज भाषेत, राजाला भाऊ म्हणून लिहिलेली. १५२६ च्या पत्रात तो सांगतो की तुमचे व्यापारी आमची माणसं धरून नेतात, सरदारांची मुलं, आमचे नातलग पळवून विकतात, देश ओस पडत चाललाय, हे थांबवा, आम्हाला फक्त पाद्री आणि शिक्षक पाठवा. थांबलं नाही.

आजोबा-नातवाची साखळी इथे तुटते. आता नाव रक्ताने जात नाही, बाप्तिस्म्याच्या पाण्याने जातं, नाव देणारा आणि घेणारा सारखे नाहीत. हे चार्टवर सौम्य करून लिहायचं नाही असं ठरवलं. या टप्प्यापासून धागा काळा एकटाच.

१५ एप्रिल

गोवा. अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० च्या सुरुवातीला आदिलशाहीकडून गोवा घेतलं, मेमध्ये गमावलं, २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतलं. डिसेंबर १५१५ मध्ये गोव्याच्या तोंडाशी जहाजावरच वारला.

आता आंबा. आंब्याची कलमं करून जाती टिकवायचं श्रेय जेझुइट पाद्र्यांना दिलं जातं. पण जेझुइट संघ स्थापन झाला १५४० मध्ये आणि फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला १५४२ मध्ये, म्हणजे अल्बुकर्कला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. अल्बुकर्क स्वतः कलमं बांधत बसला होता असं जे लोक सांगतात ते तारखांत बसत नाही. त्याच्या मागे त्याच्या सन्मानाने नाव दिलं असं म्हणता येईल, आणि बहुतेक पुस्तकं तेच म्हणतात.

पण मनुची! निकोलाव मनुची, व्हेनिसचा, मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत तोफखान्यावर होता आणि शिवाजी महाराजांना भेटलेला, तोच. त्याने लिहून ठेवलंय की सगळ्यात उत्तम आंबे गोव्याच्या बेटावर होतात आणि त्यांना नावं असतात, आणि त्या नावांमध्ये आहे 'निकुलाव अफोन्सो' आंबा. अल्बुकर्क नाही, निकुलाव. पूर्ण नावानिशी. गोव्यात आंब्याला माणसाचं नाव म्हणजे बहुतेक ज्याच्या बागेतलं झाड त्याचं. मला तर हेच पटतं, आणि काही अभ्यासकही याच बाजूचे आहेत. तलवारवाल्यापेक्षा कुणा बागायतदाराचं नाव आंब्याला लागलं असावं. चार्टवर दोन्ही मतं लिहिणार, पण मनुचीचं वर.

२० एप्रिल

आज झोप येणार नाही.

पोर्तुगीज उच्चार आहे जवळपास 'अफोंसु', मधला 'ओं' नाकातला, जोर त्याच्यावरच, शेवटचा 'उ' पुसट. कोकणीत झालं आफूस. नाकातला आवाज गेला, जसा पोर्तुगीज 'पांव'चा आपला पाव झाला तसा. शेवटचा स्वर गेला, जसं 'प्रातु'ची परात झाली. आणि जोर होता तो स्वर लांब झाला. फोंसु, फूस.

आता २ फेब्रुवारीची नोंद उघडली, दोन रेघा मारलेली. फुन्स, फूस! सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी उत्तरेच्या समुद्राकाठी फुन्समधला 'न' गळून 'ऊ' लांब झाला, आणि मांडवीच्या काठी, ज्यांना त्या भाषेचं नावही माहीत नाही अशा माणसांच्या तोंडात, त्याच शब्दाच्या त्याच तुकड्याचं पुन्हा तेच झालं. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, माणसाचं नाक आणि जीभ जशी चालते तशी चालते. पण आपण पेटी उघडून जो शब्द म्हणतो त्याचा मागचा अर्धा भाग आइसलँडच्या माणसाला ओळखीचा वाटेल. राजाच्या जहाजाचा तो ऊतफूस, आणि हा हापूस.

पुढचा 'ह' मात्र आपला. गुजरातीत पण हाफूस म्हणतात. हिल्डेफुन्समध्ये पण सुरुवातीला 'ह' होता म्हणून कुणीतरी जोडून टाकेल तर तसं नाही, तो 'ह' स्पेनमध्येच कधीचा गेला, हा नवा. चार्टवर तळटीप टाकली. कोकणातही कितीतरी लोक आफूसच म्हणतात, तो उच्चार जुना आणि तोही बरोबर.

२ मे

पाट्या छापून आणल्या त्या परत द्याव्या लागल्या, जोडाक्षरं सगळी फुटली होती, 'अद्फुन्श'चा पाय मोडून वेगळा पडलेला. शेवटी सगळ्या पाट्या हाताने लिहिल्या, भाचीचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. अस्वल उत्तम झालंय.

राहिलेलं पटकन: १४४२ मध्ये आरागोन या पूर्व स्पेनमधल्या राज्याच्या पाचव्या अल्फोन्सोने नेपल्स घेतलं, त्याच नेपल्सजवळ १६९६ मध्ये संत अल्फोन्सो लिगुओरी जन्मला, आणि १८३९ मध्ये त्याला संतपद मिळाल्यावर बव्हेरियासारख्या कॅथलिक जर्मन मुलखात अल्फोन्स नाव खूप ठेवलं गेलं. म्हणजे जर्मानिक नाव जर्मन घरात इटलीहून परत आलं. पोलिश आणि रशियनमध्ये मात्र अल्फोन्स म्हणजे बाईच्या पैशावर जगणारा, १८७३ च्या एका फ्रेंच नाटकातल्या पात्रामुळे. एक नाटक चाललं आणि शेकडो वर्षांचं नाव तिकडे शिवी झालं. हे चार्टवर नाही टाकलं, जागा नाही.

९ मे

चार्ट लागला. सकाळी तोडणी चालू होती म्हणून माणसं कमी, दुपारनंतर गर्दी. बागेतून सरळ आलेली मुलं झेला भिंतीला टेकवून नकाशासमोर उभी, धाग्यावर बोट ठेवून डॅन्यूबपासून रत्नागिरीपर्यंत चालत येणारी. नाण्याचा सोनेरी कागद संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात निघाला.

वसईचे एक काका आले होते, लेकीच्या सासरी. बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, "बाई, माझं फर्नांडिस कुठून?" मी सांगितलं, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, फर्नांडो पण गॉथांचंच, प्रवासाला न भिणारा असा काहीसा अर्थ, गोव्यात फर्नांदीन नावाचा आंबाही आहे. तसंच रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, तो ७११ ला हरलेला राजा त्याच नावाचा, हेन्रिक्स हेन्रीचा. तुमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव लागायचं त्यातून आलं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, पोर्तुगीज गेले, नावं राहिली. काका म्हणाले, "आमच्या घरात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात अजून. माझ्या नातवाचं नाव माझंच." आणि मधल्या मोठ्या अक्षरांच्या ओळीकडे बघत राहिले.

त्यांना विचारलं तुमचा धागा लावू का. म्हणाले लावा. वसईला टाचणी मारली, त्यांनी स्वतःच्या हाताने हिरवा धागा टोलेडोपर्यंत नेऊन गाठ मारली. ते बघून मागे उभ्या असलेल्या अजून चार जणांनी आपापली आडनावं सांगितली. हिरवी लोकर संपली, उद्या दोन गुंड्या आणायच्या, आणि टाचण्या.